दोन्ही कान कापलेले घोडे

मोंतेविदेओच्या शाळेत पोरांना शिकवतात की हा देश शूरांनी रक्त सांडून मिळवला. सांडलं, मी नाही म्हणत नाही. माझ्या दुकानाच्या ओट्यावरही थोडं सांडलंय आणि ते पुसायला मीच होते. पण आमच्या कोरोनिल्या ओढ्याच्या उतारावर येऊन विचारा, देश कुणी मिळवून दिला? म्हातारी माणसं सांगतील, पेत्रोनानं. पेत्रोना म्हणजे घोडी. हसू नका, आधी ऐका.

मी कासिल्दा. उतारावरचं, म्हणजे ओढा पायी ओलांडतात तिथलं, दुकान माझं. मीठ, तंबाखू, चहासारखा प्यायचा येर्बा आणि उसाची दारू. गिऱ्हाईक आणि मी यांच्या मध्ये लोखंडी गज आहेत, कारण इथं प्रत्येकाच्या कमरेला सुरा असतो आणि दारू चढली की तो आपणहून बाहेर येतो. त्या गजांआडून मी सगळी लढाई पाहिली. उत्तरेकडून ब्राझीलच्या बादशहाची फौज यायची, नदीपलीकडून ब्वेनोस आयरेसची. बादशहा आम्हाला आपला दक्षिणेचा प्रांत म्हणायचा, ब्वेनोस आयरेसवाले आपला पूर्वेचा प्रांत म्हणायचे. आम्ही नुसतं 'इथं' म्हणायचो.

ब्वेनोस आयरेसवाले आमचे मित्र होते, बादशहा शत्रू. फरक एवढाच की शत्रू बंदूक दाखवून घोडे न्यायचा आणि मित्र गळाभेट घेऊन न्यायचा.

घोडे म्हणजे तोमासाचे घोडे. तोमासा माझी मैत्रीण, ओढ्याच्या वरच्या टेकाडावर राहायची. तिचा नवरा आधीच्या लढाईत गेला होता. मागे राहिले दोघं, एक मुलगा लिनो आणि दुसरी पेत्रोना. लिनोची मी धर्ममाता, बाप्तिस्म्याला मीच त्याला हातात धरलं होतं, म्हणून तो मला मावशी म्हणायचा. पेत्रोनाला तोमासानं आपल्या सासूचं नाव दिलं होतं. "सारखीच खोड आहे," तोमासा म्हणायची, "स्वतः कुणाचं ऐकायचं नाही आणि सगळ्या घरादाराला मागं फिरवायचं."

पेत्रोनाच्या गळ्यात घंटा होती. त्या घंटेमागं तोमासाचा सगळा कळप चालायचा. सगळे घोडे पारव्या रंगाचे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. एका रंगाचा कळप म्हणजे आमच्याकडची श्रीमंती. त्या घोड्यांना मालक कळत नसे, देश कळत नसे, फक्त ती घंटा कळायची.

आता आमची एक रीत सांगते. आमच्याकडं पुरुष घोडीवर बसत नाही. का ते विचारू नका, बसत नाही. घोडीवर बसलेला दिसला तर त्याला पत्त्यांच्या डावात कुणी घेत नाही, त्याचं लग्न जमत नाही आणि तो मेल्यावरसुद्धा लोक 'तो घोडीवाला' म्हणून आठवण काढतात. बादशहाच्या माणसांत हीच रीत, नदीपलीकडच्यांतही हीच. त्या काळात तिघांचं एकमत असलेली ही एवढी एकच गोष्ट होती.

म्हणून बादशहाचा मेजर गोदिन्यो पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं सगळे घोडे नेले आणि पेत्रोनाकडं पाहिलंसुद्धा नाही. जाड, घामट, पण अदबशीर माणूस. जाताना तोमासाला टोपी काढून नमस्कार करून गेला. घोड्यांचे उजवे कान त्यानं तिथंच कापले. सरकारजमा घोड्याचा कान कापायचा, ही फौजांची रीत. बादशहाच्या घोड्याचा उजवा, ब्वेनोस आयरेसच्या घोड्याचा डावा. टेकाडावरून घोडे ओरडले ते मला दुकानात ऐकू आलं. मी रडले. तोमासा रडली नाही, तिनं मेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

काही दिवस गेले. दुपारची वेळ, सगळा मुलूख आडवा झालेला. मी गजांशी डोकं टेकून पेंगत होते. टेकाडावर पेत्रोनानं मान झटकली असेल, घंटा वाजली. आणि ओढ्यातून पाणी उडवत पारवे घोडे एकामागोमाग एक वर आले. अंगावर बादशहाच्या फौजेचा चिखल, तोंडाला तुटलेले दोर.

"सासूबाईंनी हाक मारली," तोमासा दारात उभी राहून म्हणाली, "लेकरं आली बघ."

मग ब्वेनोस आयरेसचा कॅप्टन आर्तेचे आला. उंच, देखणा, मिशीला तेल लावलेला. त्यानं तोमासाला मिठी मारली, "आपल्या स्वातंत्र्यासाठी, आई!" म्हणाला आणि घोड्यांचे डावे कान कापले. त्यानंही पेत्रोनाकडं पाहिलं नाही. त्याच्या फौजेनं मुक्कामाला खोगिरं उतरवली आणि घोडे चरायला सोडले, तेव्हा ते परत आले.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दोन्ही फौजा तोमासाचे घोडे न्यायच्या आणि घोडे तोमासाकडं यायचे. दोन्ही फौजा एकमेकींना घोडेचोर म्हणायच्या. शेवटी कापायला कान उरला नाही. कळप टेकाडावर उभा राहिला की नुसती लांबोडकी तोंडं दिसायची. तोमासा त्या खुंट कानांना चरबी चोळायची आणि म्हणायची, "बरं झालं. आता तुम्हाला कुणाचे हुकूम ऐकू येणार नाहीत."

आम्ही दोघी फार हसायचो त्या दिवसांत. मग हसणं बंद झालं. एक सार्जंट दारू पिताना बोलून गेला, "त्या म्हातारीचे घोडे पळतात कारण त्यांना राखणारा त्यांचा माणूस सोबत नसतो. पुढच्या खेपेला तिच्या पोराला उचलायचं. पोरगा फौजेत, म्हणजे घोडे फौजेत." तो कुठल्या बाजूचा होता ते सांगत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूचा एक जण नेमकं तेच बोलला.

मी धावत टेकाडावर गेले. तोमासा चुलीपाशी बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"नवरा दिला," ती म्हणाली. "एकदा दिलं तेवढं पुरे. लिनोला मी देणार नाही, कासिल्दा. घोडे गेले तरी चालतील."

लिनो दाराशी लगाम शिवत होता. बावीस-तेवीसचा, बापासारखाच ताठ. "मी लपणार नाही हं, आई," तो म्हणाला. "नेतील तर नेतील. बाबा काय लपले होते?"

"नाही लपला. लोकांनी घरी येऊन सांगितलं, फार मानानं मेला म्हणून. मान घरी आला बाळा, तो नाही आला."

लिनोनं लगाम शिवताना सुई दोनदा बोटात टोचून घेतली.

हिवाळा संपत आला होता. त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता, आणि पाऊस म्हटला की आमच्याकडं पुऱ्या, म्हणून मी त्या चरबीत तळत होते. ओढ्याच्या उत्तरेकडून मेजर गोदिन्यो आला, दक्षिणेकडून कॅप्टन आर्तेचे. दोघांबरोबर मूठमूठभर माणसं, आणि सगळी पायी! तीन वर्षांत दोन्ही बाजूंचे घोडे मेले होते, नाहीतर कुणीतरी खाल्ले होते. घोडदळाचे शिपाई खोगीर खांद्यावर घेऊन चिखलातून येत होते. आमच्याकडं पायी चालणाऱ्याला माणूस म्हणत नाहीत. दोन्हीकडचे एकमेकांना पाहून इतके ओशाळले की लढायचंही कुणाला सुचलं नाही. बंदुकीची दारूही भिजली होती. पुऱ्यांचा वास मात्र कोरडा होता.

मी हाक मारली, "या, बसा. तुंबा भरतेय."

तुंब्यात येर्बा, त्यावर गरम पाणी, एक नळी. एकच तुंबा हातोहात सगळ्यांकडं फिरतो, एकाच नळीनं सगळे पितात. आणि तुंबा फिरत असेपर्यंत सुरा काढायचा नाही, ही रीत बादशहालाही मोडता येत नाही. मी ठरवलं, आज किटली चुलीवरून उतरवायचीच नाही. मेजर प्यायला, मी पाणी घालून कॅप्टनला दिलं. त्यानं नळी मिशीनं पुसल्यासारखी केली आणि प्यायला. शत्रूची थुंकी पोटात गेली की माणूस थोडा मऊ होतो.

तोवर लिनो खाली आला, तो लपणार नव्हताच, आणि त्याला आवरायला तोमासाही. पेत्रोना मागून आलीच आणि तिच्यामागं सगळा कळप दुकानाच्या अंगणात. शिपायांनी माना वर केल्या. भुकेल्या माणसासमोर ताट आल्यासारखी त्यांची तोंडं झाली.

"हे घोडे बादशहाचे," मेजर म्हणाला. "उजवे कान बघा."

"डावे बघा," कॅप्टन म्हणाला. "प्रांताचे घोडे आहेत."

"उजवा आधी कापला होता."

"डावा नंतर कापला. शेवटचा मालक तो मालक."

मी गजांआडून म्हटलं, "बरं, उजवा कान ह्यांचा, डावा त्यांचा. आणि मधलं घोडं?"

"मधलं माझं," तोमासा म्हणाली.

दोन्हीकडचे शिपाई हसले. साहेब हसले नाहीत. कॅप्टन आर्तेचे अंगणात पाहत म्हणाला, "घंटा त्या घोडीच्या गळ्यात आहे. म्हणजे ही घोडी नेली की..." आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एका लष्करी डोक्यात उजेड पडला.

मेजरच्याही पडला. दोघं एकदम उठले. मेजरच्या माणसानं पेत्रोनाच्या गळ्यात दोर टाकला. पेत्रोनानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि चिखलात बसकण मारली. चौघांनी ओढलं. ती आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले.

"दोर लागला की असंच करते," तोमासा म्हणाली. तिचं हे बोलणं खरं होतं, एरवी ती गरजेपुरतंच खरं बोलायची. "तिच्यावर बसून न्यावं लागतं. पाठीवर माणूस असला की मुकाट चालते. बसा ना कुणीतरी."

दोन्हीकडचे शिपाई एकेक पाऊल मागं सरकले.

"कॉर्पोरल," कॅप्टन हळूच म्हणाला.

"साहेब, गोळी घाला. उभ्या उभ्या घाला. पण ह्या लोकांसमोर घोडीवर बसवू नका."

मेजरनं आपल्या माणसांकडं पाहिलं. एकाला अचानक बुटातला खडा काढायचा होता. एक प्रार्थना करायला लागला. मेजर स्वतः पुढं होईल की काय असं मला क्षणभर वाटलं, पण कॅप्टन मिशीला पीळ देत वाट बघत होता.

"गोळीच घालूया घोडीला," कुणीतरी मागून बोललं.

"घाला की," तोमासा म्हणाली. "मग कळप चार वाटांनी पांगेल आणि बसा आयुष्यभर खोगीर खांद्यावर घेऊन."

मग जे व्हायला नको होतं ते झालं. मेजर गोदिन्योची नजर लिनोवर गेली. "घोडी ह्या पोराची आहे ना? मग हाच बसेल. आणि आमच्याबरोबर येईल."

"आमच्याबरोबर," कॅप्टन म्हणाला.

"मी घोडीवर?" लिनो लालबुंद झाला. "मेलो तरी नाही!"

"तेही करता येईल," मेजर शांतपणे म्हणाला.

तोमासाचा रंग उडाला. तिनं गजांना धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं. मी तुंब्यात पाणी घातलं आणि तो मेजरच्या हातात दिला. तो जवळ वाकला तेव्हा हळूच म्हटलं, "मेजरसाहेब, तुमचं काही नाही. पण कॅप्टननं हे घोडे नेले ना, तर बादशहा विचारेल, तू तिथं असताना कसे नेले?"

मेजर येर्बा प्यायचा थांबला.

तुंबा कॅप्टनकडं गेला तेव्हा त्यालाही तेच म्हटलं, फक्त बादशहा बदलून. मग किटली घेऊन पुन्हा मेजरकडं. मग पुन्हा कॅप्टनकडं. तुंबा फिरत राहिला, पुऱ्या संपल्या, ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. दोघांना आता घोडे मिळण्याची हाव राहिली नव्हती. समोरच्याला मिळतील ही धास्ती मात्र पोटात घर करून बसली होती.

शेवटी मेजर घसा खाकरून म्हणाला, "कॅप्टन, समजा मी नाही नेले..."

"तर मीही नाही नेणार."

"पोरालाही नाही."

"नाही. पण तुम्ही नेलेत तर मी येईन."

"आणि तुम्ही नेलेत तर मी."

त्यांनी हात मिळवले. माझ्याच ओट्यावर, माझ्याच गजांसमोर. तोमासाला कुणी विचारलं नाही, लिनोला नाही, पेत्रोनाला तर नाहीच. मग खोगिरं उचलून एक चिखलातून उत्तरेला गेला, दुसरा दक्षिणेला. ते दिसेनासे झाले तेव्हा पेत्रोनानं डोळे उघडले.

वसंतात तांडेवाल्यांनी बातमी आणली. तह झाला! तिकडं रिओ दे जानेरोत बादशहाची माणसं आणि ब्वेनोस आयरेसची माणसं बसली, एक इंग्रज साहेब मध्ये बसला, आणि ठरलं की हा मुलूख ना ह्यांचा ना त्यांचा. आपला आपण राहील. दोघंही राखण करतील, दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून.

"आपल्यातलं कोण होतं तिथं?" तोमासानं विचारलं.

"कुणी नाही," तांडेवाला म्हणाला.

तोमासानं आणि मी एकमेकींकडं पाहिलं आणि इतक्या हसलो की मला गजांना धरावं लागलं. त्या इंग्रजाकडं किटली कुणी दिली होती, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. शाळेत इथंच संपवतात.

पण उन्हाळा लागता लागता उतारावर आणखी एक पथक आलं, तेही पायीच. ह्या वेळी आपलं. पुढं सिप्रियानो, खालच्या वस्तीतल्या न्हाव्याचा मुलगा. कमरेला नवा निळा-पांढरा पट्टा, तलवार जरा लांब झालेली.

"काय रे सिप्रियानो," मी म्हटलं, "तुझ्या आईचा गुडघा कसाय?"

"लेफ्टनंट म्हणा, मावशी." तोमासा आणि लिनो कळपाला पाणी पाजायला खाली आले होते, तो तोमासाकडं वळला. त्याला लाज वाटत होती, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. "काकू, आता आपला देश झाला. आपलं घोडदळ उभं करायचंय. हुकूम आहे, घोडे आणि घोड्यांबरोबर लिनो."

तोमासाची पंचाईत झाली. बादशहाला शिव्या देता येत होत्या, कॅप्टनला टोमणे मारता येत होते. हा तिच्या अंगणात खेळलेला पोरगा होता, आणि देश आपला होता. तिनं नुसतं शालीचं टोक तोंडाला लावलं. मी किटली चुलीवर ठेवली खरी, पण ह्या वेळी तुंबा फिरवायचा कुणाकुणात? समोर एकच बाजू होती.

सिप्रियानोनं चाकू काढला आणि पहिल्या घोड्यापाशी गेला. उजवीकडून पाहिलं. डावीकडून पाहिलं. मग चाकू हातात धरून तसाच उभा राहिला.

"आता आपण काय कापायचं?" त्यानं विचारलं. त्याचे शिपाई घोड्यांच्या शेपटांकडं बघायला लागले.

तेव्हा लिनो उठला. त्यानं आईकडं पाहिलं. मग पेत्रोनापाशी गेला, तिच्या पाठीवर घोंगडी टाकली, आयाळ धरली आणि सगळ्यांदेखत घोडीवर बसला.

कुणाला काही कळेना. मग पथकातला एक जण फिसकन हसला आणि मग सगळेच. एक जण हसता हसता खाली बसला. सिप्रियानो डोळे पुसत म्हणाला, "अरे लिनो, उतर, उतर! घोडीवाला शिपाई माझ्या पथकात? ब्राझीलवाले हसून मरतील रे!"

"मरू देत की," लिनो म्हणाला. "तुमची लढाई वाचेल."

त्याचे कान लाल झाले होते. मी त्याला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, मला दिसत होतं की त्याला बापाच्या वाटेनं जाणं ह्यापेक्षा सोपं गेलं असतं. पण पाठ ताठ होती. त्यानं पेत्रोनाला टाच दिली. घंटा वाजली. आणि सगळे पारवे घोडे, उजवे कान नसलेले, डावे कान नसलेले, सिप्रियानोच्या माणसांच्या हातांतून निसटून तिच्यामागं टेकाड चढायला लागले.

"कुणीतरी अडवा!" सिप्रियानो ओरडला.

"अडव की," मी म्हटलं. "घोडी तेवढी पकडायचीय. बस तिच्यावर."

त्यानं टेकाडाकडं पाहिलं, आपल्या माणसांकडं पाहिलं, कमरेचा पट्टा सारखा केला. मग गजांपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, येर्बा आहे का थोडा?"

मी तुंबा भरून दिला. गुडघ्याला लावायला आईसाठी चरबीही बांधून दिली. शेवटी आपलाच पोरगा.

तोमासा अंगणात उभी होती. ती हसत होती की रडत होती मला कळलं नाही, तिलाही कळलं नसावं. घंटा लांब जात होती. ती पुटपुटली, "आला गं. ह्या वेळी मान नाही, तो घरी आला."

लिनोचं लग्न जमायला फार वर्षं लागली, हेही खरंच सांगायला हवं. अजूनही लोक त्याला घोडीवाला म्हणतात. त्याच्या मुली घोडीवर बसतात, मुलगेही बसतात, आणि आमच्या उतारावर आता कुणी हसत नाही. परवा मोंतेविदेओहून एक मास्तर आला होता. त्यानं विचारलं, इथं स्वातंत्र्याचा दिवस कधी पाळता? मी त्याला तुंबा दिला आणि सांगितलं, तो पोरगा घोडीवर बसला त्या दिवशी.